‘परतणे’ हा शब्द तुम्ही दोन दिशांना लिहिला आहे

वाचकाचे पत्र

मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळच्या एका गावचा. वयाच्या १६ व्या वर्षी मामांच्या हाताखाली गलाईचे, म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचे, काम शिकायला केरळात त्रिशूरला आलो. आज वय ५२ आहे. स्वतःचे दुकान आहे, खाऊनपिऊन सुखी आहे. दरवर्षी जत्रेला आणि दिवाळीला गावी येतो. गेल्या दिवाळीनंतर त्रिशूरला परतलो, तेव्हापासून कामात मन लागत नाही. भट्टीपुढे बसलो तरी डोळ्यांसमोर आमचे जुने शिवार, शाळूची ताटे, बांधावरची बोर आणि आईची चूल येते. आई जाऊन ६ वर्षे झाली. दुकान विकून गावी परत जावे, घर बांधावे, असे सारखे वाटते. मंडळींचा विरोध आहे. मुलगी इथल्या महाविद्यालयात इंग्रजी घेऊन शिकते. ती म्हणाली, ‘बाबा, हा नुसता नॉस्टॅल्जिया आहे.’ तिच्या शब्दकोशात पाहिले, तर शब्दाच्या मुळाशी ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ असे दिले होते आणि पूर्वी ते एका रोगाचे नाव होते, असेही लिहिले होते. तेव्हापासून घोर लागला आहे. हा शब्द नेमका काय आहे, तो कुठून आला आणि मला तो रोग झाला आहे काय? मी काय करावे?

उत्तर

स. न. वि. वि.

तुमचे पत्र दुकानाच्या पावतीपुस्तकातल्या पानांवर आले आहे. वर मल्याळी अक्षरांत छापलेले दुकानाचे नाव आणि त्याखाली शाळेत गिरवलेल्या वळणाचे स्वच्छ मराठी अक्षर, असे ते पान मी बराच वेळ समोर ठेवून बसले होते. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांतला शेवटचा, म्हणजे काय करावे हा, सर्वांत महत्त्वाचा आहे हे मला कळते. तरीही मी आधी शब्दाकडे वळते, कारण तुमचा घोर त्या शब्दानेच वाढवला आहे आणि तो नीट समजला तर शेवटच्या प्रश्नाचा अर्धा उलगडा तिथेच होईल, असे मला मनापासून वाटते.

गिऱ्हाईक जुना मोडीचा दागिना घेऊन आले की तुम्ही तो मुशीत घालता, टाकणखार टाकता, आच देता आणि सोने किती नि हीण किती ते वेगळे करून दाखवता. शब्दाचेही तसेच करायचे असते. ‘नॉस्टॅल्जिया’ आटवला की त्यातून दोन ग्रीक शब्द बाहेर येतात. पहिला ‘नोस्तोस’ आणि दुसरा ‘अल्गोस’. अल्गोस म्हणजे वेदना. वेदनाशामक गोळ्यांना डॉक्टर ‘ॲनाल्जेसिक’ म्हणतात, त्यात हाच अल्गोस बसलेला आहे. नोस्तोस म्हणजे परतणे, पण ते बाजारातून पिशवी घेऊन घरी येण्यासारखे साधे परतणे नव्हे. युद्धावरून, समुद्रावरून, जिथून माणूस जिवंत येईल याची खात्री नसते अशा ठिकाणाहून सुखरूप आपल्या उंबऱ्यात पाय ठेवणे, याला प्राचीन ग्रीक लोक नोस्तोस म्हणत. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याचा सारा विषय हाच आहे. ट्रॉयचे युद्ध १० वर्षे चालले आणि ते संपल्यावर ओडिसियस या राजाला इथाका नावाच्या आपल्या बेटावर पोहोचायला आणखी १० वर्षे लागली. वाटेत कॅलिप्सो नावाच्या अप्सरेने त्याला अमर करण्याचे आमिष दाखवले, तेव्हा त्याने अमरत्व नाकारून घरी परतण्याचा दिवस मागितला.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. नोस्तोस आणि अल्गोस हे दोन्ही शब्द ग्रीक असले, तरी त्यांना डाग देऊन जोडले ते ग्रीकांनी नव्हे. होमरच्या काव्यात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द कुठेही नाही. तो इ. स. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल या शहरात घडवला गेला आणि घडवणारा होता योहानेस होफर नावाचा १९ वर्षांचा वैद्यकाचा विद्यार्थी. त्याला प्रबंध लिहायचा होता. आपल्या लोकांत त्याला एक दुखणे दिसत होते. त्याला जर्मन बोलीत ‘हाइमवे’, म्हणजे घराची वेदना, असे घरगुती नाव होते, पण वैद्यकाच्या पुस्तकात त्याची नोंद नव्हती. पुस्तकात जागा मिळण्यासाठी ग्रीक वेष चढवावा लागे, म्हणून त्याने घरच्या शब्दाला हे नवे नाव दिले.

त्याने लिहिलेल्या रोग्यांपैकी दोघांची हकीकत तुम्हाला सांगितलीच पाहिजे. पहिला बर्न गावचा एक तरुण, जो शिकण्यासाठी बाझेलला येऊन राहिला होता. तो दिवसेंदिवस उदास होत गेला, त्याला ताप येऊ लागला, छातीत धडधड होऊ लागली, आणि शेवटी तो वाचत नाही असे समजून लोक त्याच्यासाठी प्रार्थना करू लागले. उपचाराला आलेल्या औषधविक्याने त्याला पाहून सांगितले की याला घराखेरीज दुसरे औषध नाही. प्रवासाची तयारी सुरू झाली तसा तो श्वास मोकळा घेऊ लागला, बाझेल मागे पडले तसा सावरला आणि बर्न यायच्या आधीच पूर्ण बरा झाला. दुसरी एक शेतकऱ्याची मुलगी. ती उंचावरून पडून बेशुद्ध झाली, म्हणून तिला बाझेलच्या रुग्णालयात ठेवले होते. शुद्धीवर आल्यावर भोवती सगळ्या अनोळखी बायका पाहून तिने अन्न आणि औषध दोन्ही सोडले आणि काहीही विचारले तरी एवढेच म्हणत राहिली, की मला घरी जायचे आहे. आईवडील घेऊन गेले आणि थोड्याच दिवसांत ती औषधावाचून बरी झाली.

या हकीकती वाचताना माझ्या मनात नेहमी एक गोष्ट येते. होफरने रेचके सांगितली, अफू सांगितली, त्या काळी वैद्य जे जे सांगत ते सर्व सांगितले. पण शेवटचा आणि खरा उपाय म्हणून रोग्याला घरी पाठवा, एवढेच त्याने लिहिले. आपल्या घरापासून दूर शिकणाऱ्या मुलांना हसून ‘होईल सवय’ म्हणणे सोपे असते. त्या १९ वर्षांच्या मुलाने हसण्याऐवजी त्यांचे दुःख पुस्तकात नोंदवण्याच्या योग्यतेचे मानले, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो.

पुढे या शब्दाचा प्रवास लांबला. पगारासाठी परक्या राजांच्या सैन्यात जाणारे स्विस शिपाई या दुखण्याचे नेहमीचे रोगी मानले जाऊ लागले. झ्युरिकचे शास्त्रज्ञ योहान याकोब शॉइक्सर यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी असे कारण मांडले, की डोंगरावरच्या विरळ हवेत वाढलेली माणसे सखल प्रदेशात उतरली की तिथल्या जड हवेचा दाब त्यांच्या शरीरावर पडतो. म्हणून अशा रोग्यांना टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यात ठेवावे. हे कारण टिकले नाही. आल्प्स पर्वतातले गुराखी गाईंना हाक घालताना एक धून वाजवत आणि ती ऐकली की शिपाई रडू लागत, पळून जात किंवा झुरून मरत, म्हणून सैन्यात तिला बंदी होती, असे विचारवंत रूसो यांनी १७६८ च्या आपल्या संगीतकोशात नोंदवले आहे. कॅप्टन कुक यांच्या जहाजावरचे निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी १७७० च्या सप्टेंबरात आपल्या रोजनिशीत लिहिले, की खलाशांना घराची इतकी ओढ लागली आहे की वैद्य तिला नॉस्टॅल्जिया नावाचा रोग समजतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय नोंदींत या रोगाचे ५,००० हून अधिक रोगी आहेत आणि त्यांतले काही मृत्यूही आहेत.

त्यानंतर रोगांच्या यादीतून हे नाव हळूहळू गळाले. विसाव्या शतकात इंग्रजीत त्याचा अर्थ गेलेल्या दिवसांची गोड, हुरहुर लावणारी आठवण असा झाला आणि आपल्याकडे त्यासाठी ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’ असे दोन शब्द रुळले. म्हणजे तुमची मुलगी म्हणाली तो विसाव्या शतकातला अर्थ आणि तुम्ही कोशात वाचून घाबरलात तो सतराव्या शतकातला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे सरळ आहे: आज कोणताही डॉक्टर या नावाचा रोग लिहून देत नाही. तरीही झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेले असेल, तर त्रिशूरमधल्याच चांगल्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कारण मनाच्या उदासीला आज खरे उपचार आहेत आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

मुलीच्या वाक्यातला ‘नुसता’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. तो तिने प्रेमानेच वापरला असणार, परंतु ज्या शब्दासाठी माणसांनी अन्न सोडले, त्याला नुसता म्हणता येत नाही.

आता मी तुम्हाला या शब्दाचे आपल्या घरचे नाते सांगते. माझे माहेर वाईचे. प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे, तिथे रात्रीच्या जेवणानंतर एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती काढत बसणे हा घरोघरी चालणारा उद्योग होता, निदान आमच्या घरी तरी होता. ग्रीक ‘नोस्तोस’ ज्या धातूपासून आला, तो मूळ धातू भाषाभ्यासक ‘नेस्’ असा सांगतात आणि त्याचा अर्थ सुखरूप घरी पोहोचणे असा देतात. ऋग्वेदातले ‘नसते’ हे क्रियापद, म्हणजे जवळ येणे, येऊन मिळणे, त्याच कुळातले. (आपल्या मराठीतल्या ‘नसते’शी त्याचा काही संबंध नाही, ते ‘न’ आणि ‘असणे’ मिळून झालेले आहे.) वेदांत अश्विनीकुमारांना ‘नासत्य’ म्हटले आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, या नावाचे जुने अर्थ दिले आहेत: कोणी म्हणतो सत्यच असणारे, कोणी म्हणतो सत्याचे प्रणेते, कोणी म्हणतो नाकापासून जन्मलेले. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी ते याच धातूशी जोडले आणि अर्थ दिला, सुखरूप घरी आणणारे. हा अर्थ त्यांच्या कथांशी फार चांगला जुळतो. तुग्राचा मुलगा भुज्यू समुद्रात सोडला गेला, जिथे टेकायला आधार नाही आणि धरायला काही नाही अशा पाण्यात. तेव्हा अश्विनीकुमारांनी त्याला १०० वल्ह्यांच्या नावेत बसवून घरी आणले, असे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे.

त्या ऋचेत ‘घरी’ यासाठी जो शब्द आला आहे, तो वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मिटून स्वस्थ बसले होते. तो शब्द आहे ‘अस्तम्’. वेदांच्या भाषेत ‘अस्त’ म्हणजे घर. सूर्य अस्ताला जातो, याचा मूळ अर्थ तो घरी जातो. हा ‘अस्त’देखील त्याच ‘नेस्’ धातूचे रूप आहे, असे मोठ्या व्युत्पत्तिकारांचे मत आहे. म्हणजे तुम्हाला भिववणाऱ्या त्या परक्या शब्दाचा पूर्वार्ध आणि आपला सूर्यास्त ही एका घरची भावंडे ठरतात. पुढे घर हा अर्थ विसरला गेला आणि आपण ‘त्या घराण्याचा अस्त झाला’ असे नाशाच्या अर्थाने म्हणू लागलो. शब्दांच्याही वाट्याला असे विसरणे येते.

आणखी एक. आजच्या जर्मन भाषेत ‘गेनेझेन’ म्हणजे आजारातून बरे होणे आणि ते क्रियापदही याच धातूपासून झाले आहे. अश्विनीकुमार तर देवांचे वैद्यच. घरी पोहोचणे आणि बरे होणे या दोन गोष्टी त्या मूळ धातूत एकत्र होत्या, त्यात वेदनेचा लवलेश नव्हता. वेदनेचे हीण १६८८ मध्ये मिसळले गेले, कारण बिचाऱ्या होफरसमोर न परतू शकलेली माणसे होती. म्हणून कोशात वाचलेल्या ‘वेदना’ या अर्ध्या भागाला घाबरू नका. सोने पहिल्या अर्ध्यात आहे.

आपल्या मराठीत या साऱ्याला एक साधा, घरातला शब्द आहे, मुराळी. सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला जो भाऊ जातो, तो मुराळी. अश्विनीकुमारांसाठी मला तोच शब्द सर्वांत जवळचा वाटतो. लग्न होऊन सांगलीला आले त्या पहिल्या वर्षी संध्याकाळी आयर्विन पुलावर उभी राहून मी खालच्या पाण्याकडे पाहत असे, कारण तेच कृष्णेचे पाणी चार दिवसांपूर्वी वाईच्या घाटाला लागून गेले असणार, असे वाटे. भाऊ दिवाळीला न्यायला येई. पुढे आईवडील गेले, वाडा गेला, तिथे चार मजली इमारत उभी राहिली. ती झाल्यावर मी वाईला गेले, तेव्हा घाट होता, ढोल्या गणपती होता, नदी होती, गल्लीचे वळणसुद्धा तेच होते, आणि तरीही मी अर्ध्या तासात सांगलीची एसटी धरली. मला वाईची ओढ नव्हती, आईने सांजवात लावताना जिथे मी अभ्यासाला बसत असे त्या ओट्याची ओढ होती, आणि तो ओटा आता कोणत्याही एसटीच्या वाटेवर नाही, हे मला तेव्हा कळले. कळले म्हणजे लगेच सोसले असे नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९८ मध्ये स्विस लोकांच्या या दुखण्याविषयी लिहिताना हीच गोष्ट टिपली होती. ही माणसे पुढे आपल्या गावी जाऊन येतात तेव्हा त्यांची निराशा होते आणि त्या निराशेनेच ती बरी होतात. त्यांना वाटते की गाव बदलले, पण खरे पाहता त्यांना तिथे आपले तरुणपण परत मिळालेले नसते, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे निदान होफरच्या निदानाइतकेच खरे वाटते, मात्र प्रत्येकाला लागू पडते असे वाटत नाही. बर्नचा तो तरुण वाटेतच बरा झाला, कारण त्याचे घर, त्यातली माणसे आणि त्याचे वय, सर्व जागच्या जागी होते. ज्यांना ठिकाणाची ओढ असते त्यांना आगगाडी बरे करते. ज्यांना काळाची ओढ असते त्यांना ती नुसती पोहोचवते. तुमची ओढ कोणती, हे ठरल्याखेरीज दुकान विकण्याचा विचार करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या पत्रातूनच मी याचा थोडा शोध घेतला आहे. तुम्हाला काय आठवते, ते तुम्ही लिहिले आहे: शाळूची ताटे, बांधावरची बोर, आईची चूल. ही कोरडवाहू शिवाराची चित्रे आहेत. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यात देशभर पांगली ती मुळात दुष्काळामुळे. पाऊस असता तर तुमच्या मामांनी तुम्हाला १६ व्या वर्षी त्रिशूरला नेले नसते. आता कराडजवळच्या टेंभूपासून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून तुमच्या भागात आणले गेले आहे, आणि जिथे शाळू होता तिथे आज ऊस, द्राक्षे आणि डाळिंबे दिसतात. हे फार चांगले झाले. यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. पण ज्या शिवाराने तुम्हाला घालवले, तेच शिवार तुम्हाला आठवते आहे, आणि पाणी आल्यामुळे ते शिवार आता नाही. ओडिसियसला झोपेत असताना इथाकाच्या किनाऱ्यावर आणून ठेवले, तेव्हा जागा झाल्यावर त्याने आपले बेट ओळखले नाही. आपल्याला कोणत्या परक्या देशात टाकले, म्हणून तो आक्रोश करू लागला. तुम्हाला तसे होईलच असे मी म्हणत नाही. पण आईची चूल गावी मिळणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि ते लिहिण्यासाठीच तुम्ही त्या जाण्याचे वर्ष मोजून लिहिले असावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तुम्ही लिहिले आहे, ‘दुकान विकून गावी परत जावे.’ आणि त्याच्या थोडे वर लिहिले आहे, ‘दिवाळीनंतर त्रिशूरला परतलो.’ मी दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने खूण केली आहे. तुम्ही त्रिशूरला ‘गेलो’ असे लिहिले नाही. ज्या गावात माणूस परततो, ते त्याचे घर असते. भाषा अशा बाबतीत आपल्याहून आधी बोलून जाते. एकदा पहाटे मिरजेच्या फलाटावर दक्षिणेकडून आलेल्या गाडीतून एक कुटुंब उतरताना मी पाहिले. केळीच्या वेफर्सचे दोन डबे सांभाळत बाप लहान मुलाला मल्याळीत काही दटावत होता आणि तसाच वळून, श्वास न घेता, हमालाला खास आपल्या खानापुरी सुरात म्हणाला, ‘आरं, जरा हळू ठेव की.’ त्या माणसाला दोन्हींपैकी एक भाषा टाकून द्यायला सांगणारी मी कोण? तुमच्याही अंगात ३६ वर्षांत दोन घरे मुरली आहेत आणि एक विकले की दुसऱ्याची वेदना सुरू होणार, ही भीती मला वाटते.

मंडळींचा विरोध तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, तिथे मी थांबते. त्यांनी आधी माहेर सोडले, मग सासरचे घर सोडून तुमच्याबरोबर परमुलखात आल्या, भाषा शिकल्या, शेजार जोडला, मुले वाढवली. आता तुम्ही त्यांना गावी चला म्हणता, तेव्हा तुमच्यासाठी ते परतणे असले, तरी त्यांच्यासाठी ते पुन्हा एकदा नांदायला जाणे आहे. तुमच्या आठवणीतल्या चुलीसमोर त्यांनी सून म्हणून कोणते दिवस काढले, हे तुम्ही त्यांना कधी शांतपणे विचारले आहे काय? नसेल, तर ते आधी विचारा आणि उत्तर मध्ये न तोडता ऐका. मुलीचेही तसेच. तिचे घर त्रिशूर आहे. उद्या ती नोकरीसाठी दूर गेली, तर तिला तिथला मुसळधार पाऊस आणि तुमच्या भट्टीचा धगधगीत दरवाजा आठवेल.

आता काय करावे, ते सांगते. जत्रेला आणि दिवाळीला गाव आपल्याला पाहुण्यासारखे वागवते. घरोघरी बोलावणे असते, शहरांतून सगळे सवंगडी आलेले असतात आणि आठव्या दिवशी निघायचे असल्याने भाऊबंदांशी कोणताही विषय खोलात जात नाही. त्या आठ दिवसांवरून पुढची २५ वर्षे ठरवू नका. दुकान विश्वासू कारागिरावर सोपवा आणि मंडळींना बरोबर घेऊन वैशाखात, भर उन्हाच्या दिवसांत, गावी ४० दिवस राहा. त्या काळात घराच्या बांधकामाचा विषय काढू नका आणि कोणाला इसार देऊ नका. किराणा स्वतः आणा, ग्रामपंचायतीत काम घेऊन जा, रात्रीची वीज गेली की काय होते ते पाहा, एखाद्या सकाळी विट्याच्या दवाखान्यात रांगेला बसा आणि दुपारी चारच्या सुमारास, जेव्हा पारावर बोलायला कोणी नसते, तेव्हा मन कुठे जाते याकडे लक्ष ठेवा. रोज रात्री त्या दिवशी कशाने बरे वाटले आणि कशाची आठवण झाली, एवढ्या दोन ओळी वहीत लिहा. मंडळींनीही आपली वेगळी वही ठेवावी आणि ४० दिवस होईपर्यंत एकमेकांची वाचू नये.

वहीत आईचीच आठवण पुन्हा पुन्हा आली, तर तुम्हाला घर बांधायचे नसून आईसाठी काही करायचे आहे, असे समजा. त्यासाठी दुकान विकावे लागत नाही. बांधावर एक बोर लावा, आईच्या हाताखाली शिकलेले पदार्थ मंडळींकडून मुलीला लिहून द्या, गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे बसून आईच्या तरुणपणाच्या गोष्टी विचारून घ्या, कारण त्या सांगणाऱ्या आता थोड्याच उरल्या असतील. वहीत पिकाचे, पाण्याचे, भाच्यापुतण्यांचे, आजच्या गावाचे काही येऊ लागले आणि वैशाखातही रमलात, तर तुमची ओढ आजच्या गावाची आहे. मग वर्षातले चार महिने गावी आणि आठ महिने दुकानी, असे दोनतीन वर्षे करून पाहा आणि त्यानंतर विक्रीचे बोला. आणि त्रिशूरचीच आठवण येऊ लागली, तर तेही लाज न वाटता लिहा.

गाडीची तिकिटे दोन्ही बाजूंची काढा. ४० दिवसांनी त्रिशूरच्या फलाटावर उतराल, त्या रात्री दोन्ही वह्या एकमेकांच्या हातात द्या आणि मग मला पुन्हा पत्र लिहा. पावतीपुस्तकाची पाने चालतील.